होळी ते पाडवा

लहान शहरात घर घ्यावे की नाही, हा प्रश्न मुंबईतल्या मराठी कुटुंबात साधारणपणे होळीच्या दिवशी निघतो आणि पाडव्यापर्यंत चालतो. पंचांगाने त्यासाठी बरोबर पंधरवडा दिलेला आहे. फाल्गुनी पौर्णिमेला पुरणपोळ्या खाऊन आडवे व्हायला जागा मिळाली नाही की घर अपुरे पडते हे पहिल्यांदा मोठ्याने बोलले जाते, आणि चैत्र शुद्ध प्रतिपदेला बिल्डरची 'पाडवा ऑफर' संपते. मधल्या दिवसांत कुटुंबातल्या प्रत्येकाने आपापले मत एकदा बदलायचे असते.

वसईच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. वसई गावात होळी बारा महिने असते, कारण तो तिथला पत्ता आहे. झेंडाबाजार, रमेदी, पारनाका या नावांच्या पंगतीतलेच हे एक नाव. त्यामुळे 'होळीला घर बघायला जायचंय' हे वाक्य सणाबद्दल आहे की पत्त्याबद्दल, हे ऐकणाऱ्याने मागचेपुढचे बघून ठरवायचे. 'त्यांनी सगळे पैसे होळीत घातले' हे वाक्य तर एकाच वेळी दोन्ही अर्थांनी खरे असू शकते.

आधी 'लहान शहर' म्हणजे काय ते पाहावे लागते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि पन्नासहून अधिक ग्रामपंचायती एकत्र करून 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. 2011च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाख 22 हजार भरली, म्हणजे जवळजवळ त्या वेळच्या मॉरिशसएवढी. मॉरिशसला स्वतःचा पंतप्रधान आहे आणि संयुक्त राष्ट्रांत जागा आहे. वसईला लोकलमध्येही जागा नाही. तरी मुंबईकर वसईला लहान म्हणतो, कारण त्याच जनगणनेत मुंबई 1 कोटी 24 लाखांची होती. बोरिवलीकराला वसई लहान वाटते, वसईकराला पालघर, पालघरकराला डहाणू. डहाणूच्या पुढे गुजरात लागतो आणि बहुतेक मराठी कुटुंबांची चौकशी तिथे आवरती घेतली जाते.

लहान म्हणवून घेण्यात स्थानिकांनाही कमीपणा वाटत नाही. महानगरपालिका झाली तेव्हा 29 गावे तिच्यातून वगळावीत म्हणून आंदोलन झाले आणि तो वाद वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. म्हणजे एकीकडे या शहरात येण्यासाठी लोक कर्ज काढत होते, आणि दुसरीकडे ज्यांच्या अंगणात शहर आपण होऊन आले होते ते लोक त्याला परत पाठवण्यासाठी वकील लावत होते. वसईच्या जुन्या वाडीत राहणाऱ्या माणसाने उंबरा न ओलांडता गाव सोडलेले असते. तो झोपला तेव्हा ग्रामपंचायतीत होता, उठला तेव्हा महानगरपालिकेत. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला तेव्हा त्याचा जिल्हाही बदलला. ठाणे जिल्ह्यात जन्मलेल्या या माणसाला सामान हलवण्याचा खर्च तेवढा कधी आला नाही.

ताबा आणि करारनामा या दोन शब्दांचा वसईला जुना अनुभव आहे. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना करारानेच दिली. 1739 साली चिमाजी अप्पांनी तिचा ताबा घेतला, पण त्यासाठी मोठा वेढा घालावा लागला. ताबा वेळेवर न मिळण्याची परंपरा तिथपासूनची धरायला हरकत नाही. पुढे 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. या तहात किमान सहा हजार फौज पेशव्यांच्या दिमतीला कायम राहणार होती, आणि तिच्या खर्चापोटी वर्षाला 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख द्यायचा होता. आजच्या भाषेत याला मेंटेनन्स म्हणतात. वर्षअखेरची घाई, समोरच्या पक्षाने तयार करून आणलेला मसुदा, सुरक्षारक्षकांची हमी आणि मेंटेनन्सचा आकडा सहीनंतर नीट कळणे, हे सगळे घटक त्यात आढळतात. वसईत सही करण्यापूर्वी सगळी पाने वाचावीत, हा धडा दोनशे वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे. पेशवाईला त्याचा उपयोग झाला नाही, ग्राहकाला व्हावा.

पत्त्यानंतर येते ते अंतर. रेल्वेने पूर्वी ज्या स्टेशनांच्या नावापुढे 'रोड' लावले, त्यांचा अर्थ एवढाच की इथे उतरून त्या गावाच्या रस्त्याला लागावे, गाव इथे नाही. वसई रोड हे असे प्रामाणिक नाव आहे. स्टेशनपासून होळीपर्यंतचा पाचेक किलोमीटरचा रस्ता त्या एका शब्दात कबूल केलेला आहे. जाहिरातीत मात्र हे अंतर मिनिटांत मोजतात, आणि त्या मिनिटांचे स्वतंत्र कोष्टक आहे. एक किलोमीटरपर्यंत 'पाच मिनिटं'. तीन किलोमीटरपर्यंत 'पाच-सात मिनिटं'. त्यापुढे मिनिटे संपतात आणि 'रिक्षा मिळाली की लगेच' हे माप सुरू होते. पाच किलोमीटरनंतर स्टेशनचा विषय सोडून समुद्राचा विषय काढला जातो.

घर पाहण्याचा वार रविवार. सकाळी अकराच्या सुमाराला विरारकडे जाणाऱ्या गाडीत कुटुंबाला खिडकी मिळते, भाईंदरच्या खाडीवर वारा लागतो, मुले पाणी बघून ओरडतात आणि निम्मा निर्णय पुलावरच होतो. सोमवारी सकाळी सव्वाआठला वसईहून चर्चगेटकडे येऊन मगच घर पाहायचे, अशी पद्धत असती तर वसईत इमारती कमी दिसल्या असत्या.

स्टेशनवर एजंट उभा असतो. तो कुटुंबप्रमुखाला काका म्हणतो, त्यांच्या पत्नीला वहिनी म्हणतो आणि काका-वहिनी या जोडीत काही चुकते आहे याकडे कोणी लक्ष देत नाही. नंतर सगळे सॅम्पल फ्लॅटमध्ये जातात. सॅम्पल फ्लॅट ही एक वेगळीच वास्तू आहे. तिच्यात आतली दारे नसतात, कारण दार उघडायला जागा लागते. कपाटे नसतात, पण आरसे असतात. पलंगावर आठ उश्या असतात आणि माणसाने कुठे झोपायचे ते दिलेले नसते. स्वयंपाकघरात फळांची परडी असते, गॅसची शेगडी नसते. मुले बाल्कनीत जातात, काका भिंतीवर टिचकी मारून बघतात. टिचकीच्या आवाजावरून नेमके काय कळते हे आजवर कोणीही सांगितलेले नाही; तरी टिचकी न मारता घर घेणारा पुरुष महाराष्ट्रात सापडत नाही.

खरी पाहणी करतात त्या सासूबाई. त्या ओट्यासमोर उभ्या राहून दोन्ही हात पसरतात. डाव्या हाताला भिंत लागते, उजव्या हाताला फ्रिजची जागा.

"इथं एकीनं पोळ्या लाटायच्या म्हटलं तर दुसरीनं भाजायला जिन्यात उभं राहायचं का?"

"आई, आजकाल पोळ्या बाहेरूनच येतात," एजंट म्हणतो.

सासूबाई त्याच्याकडे बघत नाहीत, सुनेकडे बघतात. सून खिडकीकडे बघते. घर घेण्याच्या एकूण प्रक्रियेत सगळ्यात जास्त माहिती या दोन सेकंदांत मिळते, पण ती कुठल्याही अर्जात भरता येत नाही.

यानंतर क्षेत्रफळ. मराठी शाळेत लांबी गुणिले रुंदी शिकवतात. घराच्या बाजारात कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप अशी तीन क्षेत्रफळे अनेक वर्षे चालली. कार्पेट म्हणजे जिथे सतरंजी अंथरता येते ते. बिल्ट-अपमध्ये भिंती मोजतात. सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट, प्रवेशद्वार आणि वॉचमनच्या खुर्चीखालची जमीनही वाटून घेतात. या हिशेबाने अडीच खोल्यांचे घर घेणारा माणूस जिन्याच्या दीड पायरीचा मालक असे, पण ती पायरी कुठली हे त्याला दाखवत नसत. 2016च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्रफळाची व्याख्या पक्की केली आणि त्यावरच विक्री करायला लावली. महारेराचे काम 1 मे 2017 पासून, म्हणजे महाराष्ट्रदिनी सुरू झाले. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने दुरुस्त करून द्यायचा असतो. दोष म्हणजे काय, यावर सोसायटीच्या सभेत पुढची पाच वर्षे चर्चा होते.

आता पैसा. घरासाठी 40 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांकरता घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 34,700 रुपये येतो आणि वीस वर्षांत 83 लाख 30 हजार रुपये भरले जातात. हा मोठा आकडा सगळ्यांना सांगतात. छोटा आकडा कोणी सांगत नाही. पहिल्या हप्त्यातले 28,333 रुपये व्याज असते आणि मुद्दलात जेमतेम 6,380 रुपये जातात. चौरस फुटाचा दर आठ हजार धरला तर पहिल्या महिन्यात कुटुंबाने बँकेकडून सोडवलेली जागा एका चौरस फुटाहूनही कमी भरते, सुमारे 0.8. त्या जागेवर घरातल्या एका माणसाने एका पायावर उभे राहावे. बाकीच्यांनी बँकेच्या घरात थांबावे.

हा आकडा चमत्कारिक वाटत असेल तर त्याच्या जोडीला दुसरा ठेवून पाहावा. मुंबईच्या लोकलमधल्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असे नाव आहे. एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसे उभी राहिली की ते लागू होते. भागाकार केला तर माणशी जेमतेम पाऊण चौरस फूट जागा निघते. वसई रोड ते चर्चगेट अंतर सुमारे 52 किलोमीटर. घरापासून कचेरीपर्यंत जाऊन-येऊन रोजचे तीन तास धरले, कामाचे दिवस 300 धरले, तर वर्षाचे 900 तास होतात आणि वीस वर्षांचे 750 दिवस. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत कर्ता माणूस दोन वर्षांहून थोडा जास्त काळ प्रवासात काढतो, आणि त्यातला बराचसा पाऊण फुटात उभा राहून. वसईत घर घेण्यामागचे मुख्य कारण मोकळी जागा हे असते.

या प्रवासाला इतिहास मात्र थोर आहे. 12 एप्रिल 1867 रोजी मुंबईच्या पश्चिम मार्गावरची पहिली उपनगरी गाडी सुटली ती विरारहून, बॅकबेसाठी. बोरिवलीपर्यंतची वीज 1936 साली विरारपर्यंत आली. दीडशे वर्षांत विरार गाडीने एक अलिखित घटना तयार केली आहे. अंधेरी-बोरिवलीला उतरणाऱ्याने विरार फास्टमध्ये चढू नये, हे तिचे पहिले कलम. चौथ्या सीटवर बसणाऱ्याला बाकाची फक्त कड मिळते, हे दुसरे. वसईहून बसायला मिळत नसेल तर आधी उलट विरारला जाऊन त्याच गाडीने बसून यावे, हे तिसरे. याला 'रिटर्न' म्हणतात. रिटर्न येणारा माणूस पुढे जाण्यासाठी रोज सकाळी मागे जातो. घराचा शोधही बहुतेक वेळा असाच झालेला असतो.

कागदपत्रांचा भाग रुक्ष असला तरी वगळता येत नाही. जमिनीचा सातबारा, बिनशेतीचा आदेश, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे सीसी, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, आणि महारेराचा क्रमांक, हे पाहावेच लागते. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या 41 इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2025च्या सुरुवातीपर्यंत पाडण्यात आल्या. तिथे घर घेणाऱ्यांनीही पैसे खरेच मोजले होते. टिचकी मारून भिंत कळत असेल, जमीन कळत नाही.

कागद ठीक असले की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदणी होते. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून महिलेच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्यामुळे आजवर ज्या घरात बायकोला विचारून सोफाही घेतला नव्हता, त्या घरात अख्खा फ्लॅट तिच्या नावावर होऊ लागला. कचेरीत दोघांचा फोटो काढतात आणि अंगठे घेतात. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या खरेदीच्या या फोटोत मराठी माणूस नेहमी पाकीट मारताना सापडल्यासारखा दिसतो.

आता व्याकरण, कारण लहान शहरातल्या घराची किंमत क्रियापदाच्या काळावर ठरते. वर्तमानकाळ सर्वांत स्वस्त: 'बस येते.' भूतकाळाला गिऱ्हाईक नसते: 'इथं विहीर होती.' सर्वांत महाग भविष्यकाळ, आणि त्यातही 'येणार आहे' हे रूप. बुलेट ट्रेन विरारला थांबणार आहे. त्या प्रकल्पाची पायाभरणी सप्टेंबर 2017 मध्ये झाली. भाईंदर-नायगाव खाडीपूल येणार आहे. पाण्याबाबत हाच काळ सगळ्यात जास्त वापरला गेला. इमारती आल्या, माणसे आली आणि पाणी येणार राहिले, तेव्हा मधल्या जागेत टँकर आला. सूर्या धरणावरच्या 403 दशलक्ष लिटरच्या योजनेतला 185 दशलक्ष लिटरचा वाटा वसई-विरारसाठी ठरला. त्याआधी घर घेतलेल्या माणसाला बादली म्हणजे किती लिटर, हे तोंडपाठ असते.

एखादी गोष्ट खरोखर येतेही. फेब्रुवारी 2024 मध्ये वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट सुरू झाली आणि रस्त्याने तीस किलोमीटरहून मोठा पडणारा वळसा पंधरा मिनिटांच्या खाडीवर आला. होळीकडे राहणाऱ्यांना रेल्वेने 'रोड' म्हणून लांब ठेवले होते. बोटीने त्यांना अचानक जवळ घेतले. त्यामुळे स्टेशनपासून दूर असणे हा दोष राहिला नाही, वैशिष्ट्य झाले, आणि वैशिष्ट्य झाले की दर वाढतो.

पाणी नको तेव्हाही येते. जुलै 2018 मध्ये वसई-विरार अनेक दिवस पाण्यात होते. रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, वीज गेली. घर नेहमी पावसाळ्यात पाहावे असे जाणते लोक म्हणतात ते यासाठी. पण घराची बुकिंगे पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला आणि दसऱ्याला होतात. साडेतीन मुहूर्तांतला एकही जुलै महिन्यात येत नाही, ही बिल्डरांवर शास्त्रकारांनी केलेली कृपा आहे.

यावर सल्ला देणारे तीन प्रकारचे असतात. पहिले, ज्यांनी पूर्वी घेतले. त्यांना किंमत आठवते. दुसरे, ज्यांनी पूर्वी घेतले नाही. त्यांना किंमत जास्त नीट आठवते. प्रत्येक कुटुंबात एक आत्या असते, जिच्या यजमानांना वसईत वाडीसकट घर 'फुकटात' मिळत होते आणि त्यांनी 'एवढ्या लांब कोण जाणार' म्हणून नाही म्हटले. दर होळीला तो प्लॉट थोडा मोठा होतो. पाचएक होळ्यांनंतर त्यात विहीर खणली जाते. तिसरा प्रकार न घेण्याचा सल्ला देतो: भाड्याने राहा, उरलेले पैसे गुंतवा. त्याचे गणित बरोबर असते. तो स्वतः स्वतःच्या घरात राहत असतो.

या सगळ्या हिशेबानंतरही माणसे वसईला का येतात, याचे उत्तर होळीच्या बाजूला संध्याकाळी फिरले की मिळते. कौलारू घर, ओटीवर बसलेले आजोबा, मागे विहीर, विहिरीपलीकडे वाडी. वाडीत नागवेलीची पाने, फुले, राजेळी केळी. या केळ्यांची उन्हात वाळवून सुकेळी करतात. इथली फुले आणि भाजी लोकलनेच दादरला जात आली. 1990 साली सिडकोची वसई-विरारसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. त्याच सुमाराला ही हिरवळ राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने आंदोलन उभे केले. फादर दिब्रिटो पुढे 2020च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांनी जी वाडी वाचवायचा प्रयत्न केला, तिचाच फोटो आता सातमजली इमारतीच्या जाहिरातपत्रकावर पहिल्या पानावर असतो.

कराराच्या परिशिष्टात फरशी, नळ, खिडकीची काच, लिफ्टची कंपनी हे सगळे लिहिलेले असते. समोरची वाडी कुठेच नसते, आणि घर तर तिच्यासाठीच घेतलेले असते. लहान शहराचा लहानपणा हा असा एकमेव माल आहे की जो विकत घेणाऱ्याच्या आगमनाने थोडा कमी होतो. त्यामुळे प्रत्येक घेणाऱ्याची मनापासून इच्छा असते की आपण शेवटचे ठरावे. ही इच्छा आजवर एकाचीही पूर्ण झालेली नाही, पण ती सगळ्यांची सारखी असल्याने सोसायटीत एकोपा राहतो.

निर्णय कसा होतो, याबद्दल मतभेद आहेत. सामान्यपणे पंधरवडाभर आकडेमोड होते, फायदे-तोटे दोन रकान्यांत लिहिले जातात, तोट्यांचा रकाना लांब होतो, आणि पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई म्हणतात, "खिडकीतून केळी दिसतात." मग टोकन दिले जाते.

शिमगा गेला तरी कवित्व उरते, तसे ताब्यानंतर सोसायटी उरते. पहिल्या वर्षी कुटुंब मुंबईच्या नातेवाइकांना मोकळी हवा दाखवते. दुसऱ्या वर्षी नातेवाईक येत नाहीत, लांब पडते म्हणतात. तिसऱ्या वर्षी समोरच्या वाडीला पत्रे लागतात आणि त्यावर नव्या इमारतीचा महारेरा क्रमांक रंगवला जातो. त्या दिवशी कर्ता माणूस बाल्कनीत उभा राहून म्हणतो, "कुठून येतात ही एवढी बाहेरची माणसं!" कुटुंब वसईकर झाले ते या वाक्यापासून धरतात. खाली पत्र्यांजवळ रविवारी एजंट कोणाला तरी काका म्हणत असतो.